साजिदाच्या हाताचं माप

पौड,
३ फेब्रुवारी २०१९

साजिदा आपा,

सलाम. तू पाठवलेला टीव्ही पोचला. पोचून दोन महिने झाले आणि पोच आज लिहिते आहे, ही माझी चूक. खोका कुठं चेपला नव्हता. रिमोटचे सेल आतच होते. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर तुझा होसूरचा पत्ता होता, तो मी कापून ठेवला. फोन नंबरही होता. पण फोन करणार नाही. कागदावर मी जरा बरी असते. अक्षरं तूच शिकवली आहेस, त्यामुळे लिहिताना तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

टीव्ही फार मोठा आहे. पुढच्या खोलीची अर्धी भिंत त्यानं घेतली. अम्मीचा फोटो दुसऱ्या भिंतीवर न्यावा लागला. घरी येणारा प्रत्येक जण आधी टीव्हीकडे बघतो, मग अब्बांकडे, आणि विचारतो, "साजिदानं पाठवला?" शेजारच्या रत्नाबाई तर पदरानं त्याची काच पुसतात. "लेक असावी तर अशी," म्हणतात. मी तेव्हा चहाचे कप घेऊन त्यांच्या मागं उभी असते.

आता काम. शुक्रवारपासून आपली डिशची छत्री बंद आहे. नवीन नियम आलाय, आपापली चॅनेलं निवडून कळवायची. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी हल्ली फॉर्म भरायचं काम करते. गेला आठवडाभर अख्ख्या पौडच्या चॅनेलांच्या याद्या भरते आहे. आपली भरायची राहिली. त्यात एक अडचण आहे, ती लिहिण्यासारखी नाही.

अब्बा म्हणाले, "जुना टीव्ही काढ. सिंहगडावरच्या टीव्हीच्या टावरला कुणाचा फॉर्म लागत न्हाई."

जुना म्हणजे अब्बांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला, लाकडी पेटीचा. दुकान बंद केलं तेव्हा अब्बांनी तेवढा एक घरी आणला होता. पत्र्यावरचा अँटेनाचा खांब दोन पावसाळ्यांपूर्वी पडला आणि आता वर चढणारं कुणी नाही. म्हणून घरातच ठेवायचा, दोन शिंगांचा अँटेना करायचं ठरलं. मी पाटीवर लिहून विचारलं, नळ्या किती लांब कापू? (अब्बांना आता अजिबात ऐकू येत नाही. जे विचारायचं ते पाटीवर.)

ते म्हणाले, "एकेक साजिदाचा हात."

तुला आठवत असेल. दुकानात फूटपट्टी होती, टेप होता. तरी सिंहगडासाठी नळी कापायची तर अब्बा तुला बोलवायचे, कोपर टेबलावर टेकवायला लावायचे आणि मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करायचे. माझा हात मी किती वेळा पुढं केला होता, ते तुला आठवत नसेल.

तर कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजून तेवढं माप पाठव. पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

आणखी एक. ईदच्या फोनवर अब्बा जे म्हणाले होते, त्यात काही बदल नाही. टीव्ही पाठवल्यामुळे ते निवळले असतील असं समजू नकोस. उगाच आशा लावणं मला बरं वाटत नाही.

शिरीन


१४ फेब्रुवारी

साजिदा आपा,

तुझं उत्तर नाही. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

मलाही हात आहेत. हार्डवेअरच्या दुकानातून अल्युमिनियमची नळी आणली आणि माझ्या कोपरापासून मोजून दोन तुकडे कापले. अब्बांना सांगितलं नाही. लाकडी पट्टीवर ते बसवले, मध्ये दोन बोटं जागा सोडली, चपटी वायर जोडली. अब्बा पलंगावरून बघत होते. त्यांचे हात आता इतके कापतात की स्क्रू धरता येत नाही, पण नजर तीच. "वायरला पीळ देऊ नकोस." "स्क्रू आवळ, पण जीव घेऊ नको त्याचा." प्रत्येक वाक्यानंतर मी वाट बघायची, की आता म्हणतील, साजिदा असं करायची. पहिल्यांदा म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले.

टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण आवाज! बातम्या देणाऱ्या बाईचा शब्द न् शब्द कळत होता. ज्या माणसाला कान उरलेले नाहीत, त्याच्यासाठी मी नुसता आवाज आणला.

मी पाटीवर लिहिलं, आवाज अगदी स्पष्ट आहे.

"मग तू ऐक," अब्बा म्हणाले. "मी मुंग्या मोजतो."

त्यांना बातम्या नकोच आहेत, आपा. त्यांना चित्र बघायचंय. चाळीस वर्षं लोकांच्या घरी चित्र आणून देणारा माणूस आहे तो. कपाटावर ठेवून बघितलं, पिठाच्या डब्यावर, ट्रंकेवर, दाराच्या चौकटीला टांगून. अब्बांनी विचारलं, "खिडकीत ठिवून बघितलं?" मी हो म्हणून मान हलवली.

रविवारी त्यांनी एक नळी काढून मागितली. थरथरत्या हातानं आपल्या कोपराशी लावली, बघितली. "ही कुणाच्या मापाची?"

मी माझ्याकडे बोट केलं.

"दोन बोटं कमी हाय," ते म्हणाले. मायेनंच म्हणाले. मला ती दोन बोटं चार दिवस सलत होती.

सगळा बाजार म्हणायचा, जैनुद्दीनच्या थोरलीच्या हाताला चित्र येतं. तू पत्र्यावर खांब फिरवायचीस, अब्बा आत टीव्हीसमोर, आणि मी मध्ये, खिडकीत. अब्बा आतून म्हणायचे "आलं," की मी वर ओरडायची, "आपा, आलं! हलवू नकोस!" ते म्हणायचे "गेलं," की मी ओरडायची, "गेलं!" माझं काम तेवढंच. मला शाळेत तिसरीत घातलं. त्याआधीची शाळा म्हणजे तू आणि ती खिडकी. अब्बांचा पहिला धडा तिथलाच, तुझ्या अक्षरांच्याही आधीचा: जे दिसतंय तेच सांगायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही.

गिऱ्हाईक जाताना म्हणायचं, थोरलीच्या हातात जादू आहे. खिडकीतल्या पोरीचा घसा चांगला आहे, असं कधी कुणी म्हटलं नाही.

माप पाठव.

शिरीन


२७ फेब्रुवारी

आपा,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. लाल दोरा, दोन्ही टोकांना गाठ. मी पाकीट उलटं करून झटकलं. मग फाडून आतून बघितलं. पत्र नको असं मीच लिहिलं होतं, तरी राग आला.

दोरा माझ्या हाताला लावून बघितला. खरंच दोन बोटं जास्त आहे.

शिरीन


३ मार्च, रविवार

साजिदा आपा,

तुझ्या दोऱ्यानं नवीन नळ्या कापल्या. अब्बांना दोरा दाखवला नाही. पाटीवर लिहिलं, अंदाजानं कापल्या.

काल संध्याकाळी सातला टीव्ही लावला. आधी मुंग्या. मग मी कपाटावरचा अँटेना सरळ करायला हात घातला, आणि चित्र आलं. बाईचा चेहरा, तिच्या मागचा नकाशा, खालून सरकणारी अक्षरं. अब्बा पलंगावर ताठ बसले. मी हात काढला, गेलं. परत धरलं, आलं. एक पाऊल मागं सरकले, गेलं.

"हलू नकोस," अब्बा म्हणाले. "अशीच थांब. बातम्या संपू दे."

मी थांबले. दोन्ही हात वर, टाचा उचललेल्या. तेवढ्यात शेळ्या बांधून रत्नाबाई आल्या.

"अगं बया! शिरीन, हात वर करून हुबी काय ऱ्हायलीस? दरोडा पडलाय का काय?"

"रत्नाबाई, टीव्ही चालू आहे."

"मग बस की खाली! टीव्ही काय बसल्यावर दिसत न्हाई व्हय?"

"मी बसले की टीव्ही बंद होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावला. "आता काय बाई, रोज सातला तुला खुंटीला टांगायची? आन् जेवण कोण करंल?" अब्बांना काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, "रत्नाबाई, जरा बाजूला सरा. मानसं दिसंनात." रत्नाबाई भिंतीला टेकून हसत बसल्या.

माझे खांदे भरून आले होते. पण खरं सांगते, इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. अब्बा समोर बघत होते, चित्र माझ्या हातात होतं, आणि तू आठशे-नऊशे किलोमीटरवर होतीस.

मग अब्बा म्हणाले, "साजिदाला असं धरून ऱ्हावं लागायचं न्हाई. ती लावून खाली उतरायची."

मी हात काढून घेतले. बातम्या अजून संपल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिच्या टीव्हीला लावून बघ की. मागं भोक असतंय." ते भोक मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नव्हते, एवढंच. तुझ्या टीव्हीला लावला. त्या एवढ्या मोठ्या काचेवर तेच चित्र ताणून ताणून फाटल्यासारखं दिसलं. माणसांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटलं.

आज सकाळी त्यांनी नळी मागितली. कोपराशी लावली, बोटांनी टोक चाचपलं, आणि डोळे मिटले. "हा साजिदाचा हात हाय," म्हणाले. "कुठनं आणलास?"

मी दोरा दाखवला.

त्यांनी तो बोटाला गुंडाळला. बराच वेळ गुंडाळला, कारण हात कापतात. मग म्हणाले, "दोरा धाडती, पर येत न्हाई. ईदला बोलवलं होतं मी. दोघं या म्हनलं होतं. तिनं सवड न्हाई म्हनून सांगितलं. लई अडेल पोर."

आपा, आज इथंच थांबते. माझं अक्षर बघ कसं आलंय.

शिरीन


६ मार्च

आपा,

तीन दिवस झाले. मागचं पत्र मी टाकलेलं नाही. हे त्याच पाकिटात येईल. मागच्यातलं शेवटचं वाचून तू गोंधळली असशील, म्हणून आता सगळं सरळ लिहिते.

तू मतीनशी कोर्टात लग्न केलंस आणि होसूरला गेलीस, तेव्हा अब्बांना राग मतीनचा नव्हता. तू आधी सांगितलं नाहीस, त्याचा होता. तो राग चार महिनेसुद्धा टिकला नाही. त्या चार महिन्यांत मात्र घरात फक्त माझं नाव होतं. शिरीन, पाणी दे. शिरीन, गोळी कुठली? शिरीन, पेपरचं पान इकडं कर. मला ते आवडायला लागलं होतं. मग ते पुन्हा म्हणायला लागले, साजिदा असती तर.

ईदच्या दिवशी तुझा फोन आला. अब्बांना ऐकू येईना, म्हणून फोन माझ्या कानाला आणि पाटी माझ्या मांडीवर. मी लिहिलं, आपाचा फोन आहे. अब्बा म्हणाले, "ये म्हनावं. आजच निघा म्हनावं, दोघं या." ते मोठ्यानं म्हणाले. तुला ऐकू गेलं असतं. मी फोनच्या खालच्या बाजूवर तळहात दाबून धरला होता.

मग मी हात काढला आणि तुला सांगितलं, "अब्बा म्हणतात, आत्ता नको."

तू विचारलंस, "मी एकटी आले तर?" मी ते पाटीवर लिहिलं नाही. तुला म्हटलं, "नको, त्यांना त्रास होतो." अब्बांना लिहून दाखवलं, तिला सवड नाही म्हणते.

तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास. तुझ्या मागं कुकरची शिट्टी होत होती. ती मला अजून ऐकू येते.

हे पहिल्यांदा नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना एकदा एप्रिलात तू पत्र्यावर होतीस. अब्बा आतून म्हणाले "आलं," आणि मी वर ओरडले, "नाही, अजून फिरव." ते म्हणाले "अरे, गेलं." मग पुन्हा आलं, पुन्हा मी म्हटलं नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की एक दिवस तुझ्या हाताला चित्र येऊ नये. तासभर तू तापल्या पत्र्यावर होतीस. उतरलीस तेव्हा तळव्यांना फोड आले होते, आणि तू मला विचारलंस, "ओरडून घसा बसला का गं?" मी हो म्हटलं.

आणि छत्री. ती चालू करायला नोंदवलेल्या नंबरवर आकडे येतात, ते कळवावे लागतात. तो नंबर तुझा आहे. तुला एक फोन केला असता तर त्याच दिवशी सगळं सुरू झालं असतं. दिवसभर मी लोकांना सांगत होते, काका, ज्याच्या नावावर आहे त्याला फोन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि घरी येऊन नळ्या कापत होते. पहिल्या पत्रात ज्याला मी अडचण म्हटलं, ती हीच.

काल दुपारी मी अब्बांना सांगितलं. पाटी लहान आहे, तीनदा पुसून लिहावं लागलं. पहिल्यांदा, तुम्ही ईदला काय म्हणालात आणि मी आपाला काय सांगितलं. दुसऱ्यांदा, तिनं काय विचारलं होतं आणि मी तुम्हाला काय दाखवलं. तिसऱ्यांदा फक्त एक ओळ लिहिली: मी इथं असते आणि तुम्ही तिला हाक मारता.

तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "पत्र्यावर ती पोर भाजत होती, तेव्हा बी तू असंच केलं होतंस."

मी पाटीवरून मान वर केली.

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? चित्र माझ्यासमोर होतं."

मी पाटीवर लिहिलं, मग बोलला का नाहीत?

"नऊ वर्षांची होतीस. म्हनलं, कळंल तिचं तिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता चोवीस झाली."

ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा घेतला. पाटी मात्र पुसू दिली नाही. उशाशी ठेवली.

सात वाजले. मी अँटेना कपाटावर चढवायला लागले, तर म्हणाले, "खिडकीत ठिव. ठिवलाच नव्हतास ना तिथं?"

नव्हता ठेवला. सगळ्या घरात ठेवून बघितला, त्या एका जागी नाही. तिथं उभं राहायचं म्हटलं की अजून माझा घसा दुखतो. पण वर पत्रा, चारी बाजूंना दगडी भिंती. सिंहगडाकडून जे काही येणार ते त्या एका खिडकीतूनच येणार, हे अब्बांच्या मुलीला कळायला हवं होतं. मी अँटेना खिडकीत ठेवला, शिंगं आग्नेयेकडे केली आणि हात काढला.

चित्र तसंच राहिलं. एक पाऊल मागं आले. राहिलं. पलंगाजवळ जाऊन बसले, तरी राहिलं. त्याला माझ्या हाताची गरज नव्हती. तुझ्याही नव्हती.

मी उठून खिडकीशी गेले आणि काय झालं कोण जाणे, मान वर करून ओरडले, "आलं! हलवू नकोस!"

रत्नाबाई अंगणातून म्हणाल्या, "कुनाला गं? वर तर कावळा बी न्हाई."

अब्बांनी आज कागद मागितला. सोबतच्या कागदावर त्यांनी स्वतः लिहिलं आहे, अर्धा तास लागला. मी फक्त कागद दाबून धरला आणि तोंड दुसरीकडे केलं. वाचलेलं नाही. वाचावंसं वाटतंय, खूप वाटतंय, म्हणून घडी घालून डिंकानं चिकटवते आहे. मी लाल दोरा परत मागितला, तर दिला नाही त्यांनी.

तू आलीस की ते तुझ्याकडेच बघत बसतील आणि मला ते सोसणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मी चांगली झाले असं तुला वाटायला नको. मी चहा करीन आणि मागं उभी राहीन. तू मला रागावलीस तर रागाव, पण अब्बांसमोर नको; त्यांना ऐकू येत नसलं तरी.

रत्नाबाईंना मी उत्तर दिलं नाही. तुला देते. आपा, चित्र आलंय. त्या ईदच्या दिवशीच आलं होतं.

शिरीन